हशा मेहमूदचा, कट शुभा खोटेंवर

विनोदी सीन कापायला बसलं की आम्हा एडिटरांचा पहिला प्रश्न असतो, समोर कोण आहे? विनोद कोण करतंय ते स्क्रिप्टमध्ये लिहिलेलंच असतं. पण त्याचं वाक्य पडल्यावर कोणाच्या चेहऱ्यावर जायचं, हे टेबलावर ठरतं. समोरचा नट आपल्या वाक्याची वाट बघत नुसता उभा असेल तर चांगला पंचही फुकट जातो. त्याने खरंच ऐकलं असेल आणि ऐकल्याचं चेहऱ्यावर काही उमटलं असेल, तर बेताचं वाक्यसुद्धा तरून जातं. मालिकेत सेकंदाला पंचवीस फ्रेम असतात. दहा-बारा फ्रेम, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद, त्या चेहऱ्यावर जास्तीचं थांबलं की हशा येतो. त्याहून जास्त थांबलात तर विनोद समजावून सांगितल्यासारखा वाटतो आणि मेला.

टीममध्ये नवीन मुलं आली की हे सांगायला मी शुभा खोटेंचे सीन लावते.

"मॅम, म्हणजे त्या कालियाच्या बहीण ना?"

हो, त्याच. आता यात मुलांची चूक नाही. 'शोले'मधला कालिया मोजून काही मिनिटांचा आणि विजू खोटे त्या मिनिटांवर घराघरांत पोचले. त्यांच्या थोरल्या बहिणीने त्याच्या आधी वीस वर्षं हिंदी सिनेमात काम केलं होतं, नंतरही केलं, आणि तरी त्यांची ओळख करून द्यायला कोणाचं तरी नातं लागतं. कोणाची बहीण, कोणाची पुतणी, कोणाची जोडीदार. मला याची चीड येते. म्हणून हे लिहायला घेतलंय, नाहीतर ब्लॉगवर मी गेले कित्येक महिने फिरकले नव्हते.

नात्यांचं एकदाच सांगून टाकते. जन्म ३० ऑगस्ट १९३७ चा. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे आणि मूकपटांच्या काळातले नट. दुर्गा खोटे या सख्ख्या काकू, कारण दुर्गाबाईंचे यजमान विश्वनाथ आणि नंदू हे भाऊ. म्हणजे घरातच नाटक-सिनेमा. शुभाताई अगदी लहानपणी, चार-पाच वर्षांच्या असताना, रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. पण मला त्यांच्या लहानपणातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. १९५२ ते १९५५ या काळात त्या पोहण्यातल्या आणि सायकलिंगमधल्या महिला चॅम्पियन होत्या.

हे चरित्रातलं शोभेचं वाक्य म्हणून सोडून देऊ नका. पडद्यावर दिसतं ते. त्या काळच्या नट्या उभ्या कशा राहायच्या बघा. वजन एका पायावर, खांदा तिरका, मान कललेली, कॅमेऱ्याला बरा कोन मिळेल अशा. शुभाताई दोन्ही पायांवर उभ्या असतात. वळायचं झालं तर मान एकटी वळत नाही, सगळं अंग वळतं आणि फटकन वळतं. विनोदाला असं अंग लागतं. हसवायला हात-पाय हलवता येणं निराळं, आणि नको तेव्हा ते जागच्या जागी ठेवता येणं निराळं. दुसरं जास्त अवघड.

'सीमा' १९५५ चा. अमिय चक्रवर्ती दिग्दर्शक, नूतन आणि बलराज साहनी. अनाथाश्रमातल्या मुलींमधली पुतली म्हणजे शुभा खोटे. सायकल त्या सिनेमातही आली. वय अठराच्या आत-बाहेर. नूतनला 'सीमा'साठी फिल्मफेअर मिळालं, आणि पुढे काही वर्षं शुभाताई नूतनच्या आसपास दिसत राहिल्या. १९५७ च्या 'पेइंग गेस्ट'मध्ये त्या चंचल आहेत, नूतनची मैत्रीण, जी पैशासाठी म्हाताऱ्या बॅरिस्टरशी लग्न करते आणि मग देव आनंदवर डोळा ठेवते. गजानन जागीरदार तिचे नवरे. हे काम मी मुलांना मुद्दाम दाखवते, कारण यात विनोद जवळजवळ नाहीच. चंचल चक्क खलनायिका आहे. वीस वर्षांची मुलगी असं काम करते आणि कुठेही डोळे वटारत नाही.

१९५९ च्या 'अनाडी'त त्या आशा आहेत. नूतन श्रीमंताघरची आरती. राज कपूरसमोर ती गरीब असल्याचं सोंग घेते आणि त्या सोंगासाठी नावही आशाचंच उसनं घेते. म्हणजे नायकाच्या तोंडी सिनेमाभर जे नाव आहे ते हिचं, आणि प्रेम भलतीवर. नायिकेच्या मैत्रिणीच्या नशिबाचं यापेक्षा नेमकं चित्र पटकथाकारांना ठरवूनही काढता आलं नसतं.

त्या नायिका झाल्याच नाहीत असंही नाही. 'देख कबीरा रोया'मध्ये (पुन्हा अमिय चक्रवर्ती, १९५७) तीन नायक आणि तीन नायिका आहेत. अनिता गुहा, अमिता आणि शुभा खोटे. हलकाफुलका, गोड सिनेमा. पण गाडी त्या रस्त्याने गेली नाही.

गाडी गेली मद्रासकडे. आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

हिंदीत विनोदी नट आधीपासून होते. पण नायक-नायिकेच्या गोष्टीला समांतर अशी विनोदी जोडीची वेगळी गोष्ट, तिचं वेगळं प्रेम, वेगळं भांडण, शक्य तर वेगळं गाणं, ही पद्धत दक्षिणेत मुरलेली होती. तमिळमध्ये एन. एस. कृष्णन आणि टी. ए. मथुरम या नवरा-बायकोच्या जोडीने ती कधीच रुजवली होती. मद्रासचे निर्माते-दिग्दर्शक आपले तमिळ-तेलुगू सिनेमे हिंदीत करायला लागले तेव्हा ही 'कॉमेडी ट्रॅक' नावाची चीजही सोबत आली. एल. व्ही. प्रसादांचा 'छोटी बहन' १९५९ चा, मूळ तमिळ. टी. प्रकाश राव यांचा 'ससुराल' १९६१ चा, मूळ तेलुगू. अशा सिनेमांना हिंदीतलं एक विनोदी जोडपं हवं होतं आणि ते सापडलं: मेहमूद आणि शुभा खोटे. त्यात तिसरा कोन धुमाळांचा, बहुतेक वेळा मुलीचा बाप. धुमाळ मराठी रंगभूमीवरून आलेले. म्हणजे या प्रसिद्ध त्रिकुटातले दोन कोन मराठी होते, हे आपण मराठी लोकच विसरतो.

साचा ठरलेला. मेहमूदला मुलगी हवी, बापाला जावई नको, मुलगी मधे. मेहमूद सोंगं घेणार, बाप फसणार किंवा फसल्यासारखा करणार. 'लव्ह इन टोकियो'त (१९६६) मेहमूद गेइशा होतो आणि धुमाळ त्या गेइशावर भाळतात, इथपर्यंत मजल गेली. 'जिद्दी', 'हमराही', 'गृहस्थी', 'भरोसा', 'दिल तेरा दीवाना', 'बेटी बेटे'. साठचं दशक अर्धं यात गेलं.

आता टेबलावरून जे दिसतं ते सांगते. या ट्रॅकमध्ये क्लोज-अप कमी असतात. कॅमेरा जरा लांब, तिघं एका चौकटीत, आणि सीन चालू. रिॲक्शनचा वेगळा शॉट घ्यायचा म्हणजे वेगळं लायटिंग आणि वेगळा वेळ, आणि तो खर्च नायिकेच्या अश्रूंसाठी राखलेला. त्यामुळे मी आज मालिकेत जे काम कट मारून करते, ते काम शुभाताईंना चौकटीत उभं राहून स्वतः करावं लागत होतं. मेहमूद मिनिटाला चार गोष्टी करतोय, शब्द बदलतोय, चेहरा बदलतोय. अशा माणसाशेजारी आपणही काहीतरी करायला गेलो तर प्रेक्षकाला कुठे बघावं ते कळत नाही. शुभाताई तेव्हा थांबतात. ऐकतात. मग बरोबर वाक्य संपताना एक मान वळते, किंवा हात कमरेवर जातो, आणि प्रेक्षकाची नजर तिकडे सरकते. हाच कट. फक्त कात्री न लावता मारलेला.

मुलांकडून एक गोष्ट करून घेते. 'ससुराल'चा एखादा सीन लावायचा आणि मेहमूद ज्या बाजूला असेल तिथे स्क्रीनवर कागद धरायचा. फक्त शुभा खोटेंकडे बघायचं. सीन कळतो. काय बोललं गेलं, त्यातलं किती खरं, किती थाप, सगळं कळतं. मग कागद दुसऱ्या बाजूला धरायचा. मेहमूद मजेदार आहेच, त्याच्यासारखा दुसरा झाला नाही. पण एकट्याचं बघताना थोड्या वेळाने तो कोणासाठी एवढा आटापिटा करतोय तेच समजेनासं होतं.

हे मी पहिल्यांदा माझ्या मावशीला उत्साहाने सांगायला गेले. तिने साठच्या दशकात हे सगळे सिनेमे थेटरात बघितलेले.

"अगं, त्यात नवीन काय?" मावशी म्हणाली. "बघायला जायचो मेहमूदला. पण घरी आल्यावर आम्ही पोरी नक्कल कोणाची करायचो? शुभा खोटेची. मेहमूदची कोणाला जमणार होती!"

"म्हणजे कशी करायचात?"

तिने करून दाखवली. सोफ्यावर बसल्या बसल्या नुसती पाठ ताठ केली, हनुवटी जराशी आत घेतली आणि माझ्याकडे बघितलं. मला आपण काहीतरी खोटं बोलून गेलोय असं वाटायला लागलं.

१९६२ च्या फिल्मफेअरला सहायक अभिनेत्रीच्या नामांकनांत शुभाताईंचं नाव दोनदा होतं, 'घराना'साठी आणि 'ससुराल'साठी. स्वतःच स्वतःविरुद्ध. बक्षीस निरुपा रॉय यांना 'छाया'साठी मिळालं. आईच्या भूमिकेपुढे विनोदाला बक्षीस मिळणं आजही कठीणच, तेव्हा तर काय. मेहमूदला मात्र त्याच सुमारास 'दिल तेरा दीवाना'साठी मिळालं. त्यातही शेजारी शुभाताईच होत्या.

गाण्यांची एक गंमत आहे. 'ससुराल'मधलं मुकेश-लताचं द्वंद्वगीत आणि 'हमराही'तलं रफी-लताचं, दोन्ही शंकर-जयकिशनची, दोन्ही अगदी गंभीर, हळवी. आणि दोन्ही मेहमूद-शुभा खोटेंवर चित्रित झालेली. रेडिओवर ऐकून मनात राजेंद्रकुमार धरून ठेवलेला असतो आणि व्हिडिओ लावला की हे दोघं! लोक तिथे दचकतात. मी तर पहिल्यांदा हसायच्या तयारीतच बसले होते. हसू आलं नाही. शुभाताई तिथे विनोदी नटीच्या विनोदी प्रेमासारखं काही करत नाहीत, सरळ प्रेम करतात. 'पेइंग गेस्ट'च्या चंचलला जो चेहरा होता तोच हा, त्याचा वापर तेवढा निराळा.

याच काळात विनोदी नट्यांत टुणटुण होती, मनोरमा होती. उमादेवी खत्री म्हणजे टुणटुण, मुळात गायिका. १९४७ च्या 'दर्द'मधलं तिचं गाणं अजून वाजतं. पण एकदा पडद्यावर आली आणि दिग्दर्शकांना तिच्या आकाराखेरीज काही सुचेना. आली, अडखळली, लोक हसले, सीन संपला. तिची गुणवत्ता मोठी होती आणि लिखाण फारच गरीब. शुभाताईंच्या वाट्याला ते आलं नाही याचं एक कारण अर्थातच त्या दिसायला नायिकेसारख्या होत्या, हे उघड आहे आणि त्यात काही न्याय नाही. पण एवढंच कारण नसावं. त्यांना हसायचं तर त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते बघावं लागायचं. हिंदी सिनेमात बाईच्या डोक्यात काय चाललंय यावर हसायची सवय तेव्हा फारशी नव्हतीच.

साठच्या दशकाच्या शेवटी ही जोडी विरळ झाली. पुढे नायकच विनोद करायला लागले, आणि वेगळा कॉमेडी ट्रॅक हळूहळू मागे पडला. मधल्या काळात लग्न झालं होतं, मुलं होती. १९६८ मध्ये 'चिमुकला पाहुणा' या मराठी चित्रपटाची त्यांनी निर्मिती केली. मराठीत त्या हिंदीच्या मानाने कमीच दिसल्या. पुण्या-मुंबईतली इतकी तयार नटी हाताशी असताना आपल्या विनोदी सिनेमांनी तिला नीट वापरलं नाही, हे माझं मत. पटलं नाही तर खाली भांडा.

मग १९८१. के. बालचंदर पुन्हा दक्षिणेकडून एक गोष्ट हिंदीत घेऊन आले, 'एक दूजे के लिए'. वासू म्हणजे कमल हासन आणि सपना म्हणजे रती अग्निहोत्री. शुभाताई सपनाच्या आई. तो सीन ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. आई वासूचा फोटो मुलीच्या डोळ्यांदेखत जाळते. मुलगी ती राख चहात कालवते आणि पिऊन टाकते. आठवणीत हा सीन रती अग्निहोत्रीचा आहे, आणि असायलाही हवा. पण तो चालतो कशामुळे? आईच्या खंबीरपणामुळे. ती आई आधी डळमळीत वाटली असती, थोडी जरी नाटकी वाटली असती, तर मुलीची कृती वेडपटपणा ठरली असती. सीन मुलीने जिंकायला तोवर भिंत पक्की असावी लागते. साठच्या दशकात मेहमूदसमोर जे केलं तेच इथे केलं, फक्त समोरच्याने हसवायच्या ऐवजी रडवलं.

त्यानंतर बऱ्याच जणांना त्या खाष्ट आई, खाष्ट सासू म्हणूनच माहीत झाल्या. कित्येकांना तर धक्का बसतो की ही बाई विनोदी होती.

आणि तेवढ्यात टीव्ही आला. १९९३ मध्ये 'जबान संभाल के'. ब्रिटिश 'माइंड युवर लँग्वेज'वर बेतलेली, राजीव मेहरांची मालिका. पंकज कपूर म्हणजे मोहन भारती, इंजिनिअर असून नोकरी न मिळाल्याने हिंदी शिकवायला आलेला. वर्गात देशोदेशीचे आणि प्रांतोप्रांतीचे लोक, प्रत्येकाची हिंदी वेगळ्या ठिकाणी मोडलेली. आणि संस्थेच्या प्रमुख, दीक्षित मॅडम, म्हणजे शुभा खोटे. विद्यार्थ्यांत विठ्ठल बापूराव पोटे म्हणून विजू खोटे बसलेले. मुलगी भावना बलसावरही मालिकेत. भाऊ बाकावर, बहीण केबिनमध्ये.

विनोदाची विभागणी बघा. विनोद सगळा वर्गाकडे. मोहन भारती हताश आणि संयमी, चेहऱ्यावर फारसं काही न आणणारा. आणि वर्गात गोंधळ टिपेला पोचला की दारात दीक्षित मॅडम. आता दोन माणसं अशी आहेत जी काहीच गमतीदार करत नाहीयेत, आणि सीन त्या दोघांमध्ये चाललाय. एडिटरचा घाम निघतो अशा सीनला. कोणावर थांबायचं? पंकज कपूरवर थांबलात तर त्याची केविलवाणी अवस्था दिसते. शुभाताईंवर थांबलात तर त्यांना काय वाटलं असेल ते आपण ठरवायला लागतो, आणि प्रत्यक्षापेक्षा वाईटच ठरवतो. मला दुसरा कट जास्त आवडतो. त्या काळच्या मालिकांना मागून हशा चिकटवायची रीत होती, पण दीक्षित मॅडम दारात उभ्या राहिल्या की माझ्या घरी तो लागायचा नाही. वडील आधीच हसलेले असायचे.

मला यात समाधान एवढंच की इथे खुर्ची त्यांची होती. मेहमूदच्या सिनेमांत मुलगी बाप आणि प्रियकर यांच्या मधे. इथे सगळे यांच्या केबिनबाहेर. वयाची पंचावन्न उलटल्यावर.

पुढेही काम चालू राहिलं, मालिका, नाटकं, सिनेमे. 'टॉयलेट: एक प्रेमकथा'मध्ये (२०१७) घरातली आजी, 'बकेट लिस्ट'मध्ये (२०१८) माधुरी दीक्षितच्या मराठी सिनेमात पुन्हा घरातली वडीलधारी. ऐंशीच्या घरातही चौकटीत कुठे बसायचं ते पक्कं माहीत असलेली बाई. विजू खोटे २०१९ च्या ३० सप्टेंबरला गेले तेव्हा सगळीकडे 'शोले'च्या क्लिप फिरल्या. मी त्या रात्री 'जबान संभाल के'चा एक भाग लावला होता, दोघं एकाच सीनमध्ये असलेला.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांनी 'ससुराल'ने करू नका, साठच्या दशकातल्या मेलोड्रामाची सवय नसेल तर दमायला होतं. आधी 'पेइंग गेस्ट' बघा. देव आनंदसाठी बसलात तरी चालेल, पण चंचल आली की फोन बाजूला ठेवा. मग 'जबान संभाल के'चे दोन-तीन भाग. त्यानंतर मेहमूदचे सिनेमे, आणि यूट्यूबवर 'मेहमूद कॉमेडी' असं शीर्षक दिसलं की नाव नसलं तरी चौकटीची दुसरी बाजू तपासून घ्या. 'देख कबीरा रोया' कधीही चालतो, तापात पडल्यावरसुद्धा.